तीन हाका

“पेटवायच्या आधी तीन हाका मार. भट्टीच्या पोटात कोण निजलंय, आपल्याला काय ठाऊक.”

बासिलिओच्या बापाचे हे शब्द. बाप जाऊन जमाना झाला. बासिलिओच्या विटांवर गावचा बाजार उभा राहिला, शाळा उभी राहिली, चर्चच्या घंटेचा मनोरा उभा राहिला. पण भट्टी पेटवताना त्यानं हाका कधी चुकवल्या नाहीत. गेल्या जूनमध्येही चुकवल्या नव्हत्या. आगवाटेच्या, म्हणजे भट्टीखालच्या जाळ घालायच्या बोगद्याच्या, तोंडाशी वाकून त्यानं तीनदा हाक घातली, कोणी ओ दिली नाही, मग काडी ओढली.

आत नेस्तोर होता. नेस्तोर जन्माचा बहिरा.

तिकडं जून म्हणजे ऐन थंडी, आणि त्या पहाटे रान हिमानं पांढरं झालं होतं. कामावर लवकर पोचलेला पोरगा वारा चुकवायला आगवाटेत शिरला असणार. भट्टीवर सगळे त्याच्याशी हातवाऱ्यांनी बोलत. इतकी वर्षं बोलत होते, की तो बहिरा आहे हे कोणाच्या मनातही येईनासं झालं होतं. आज स्वारीला अंथरूण सोडवत नाही वाटतं, अशी भट्टीवरच्या जुन्या कामगारानं, गाविनोनं, थट्टासुद्धा केली. जाळ चांगला धरल्यावर निलगिरीच्या डहाळ्यांचा शेवटचा भारा उचलला, तेव्हा खाली त्याच्या टायरच्या चपला सापडल्या.

तेव्हापासून भट्टी थंड होती. पोलिसांनी अपघात लिहिला. पाद्रीबाबांनी बासिलिओच्या डोक्यावर हात ठेवला. आता सप्टेंबर सरत आला होता. कच्च्या विटा भट्टीत रचून तयार होत्या आणि पलीकडच्या डोंगरावर ढग बसायला लागले होते. एक जोराचा पाऊस झाला की सगळ्याचा चिखल. तरी कोणी माणूस काडीला हात लावेना. नेस्तोरची आई स्वतः येऊन सांगेल तेव्हाच, असं भट्टीवरची माणसं म्हणाली होती, आणि बासिलिओला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

नेस्तोरची आई दोमितिला आज सकाळी चढण चढून आली. तिच्या हातात चिचाचं, म्हणजे मक्याच्या दारूचं, मडकं होतं. पेटवायच्या आधी पहिला घोट भट्टीला ओतायचा असतो. माणसं आपोआप बाजूला झाली. बासिलिओनं डोक्यावरची टोपी काढली. तिच्या लेकाला बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी त्यानंच हातांवर धरलं होतं. तो नेस्तोरचा धर्मबाप, म्हणून ती त्याला कोम्पाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे.

तिनं मडकं खाली ठेवलं. ओतलं नाही.

बासिलिओ बोलायला लागला. यापुढं असं होणार नाही, तजवीज केली आहे, असं सांगत त्यानं ताडपत्रीखालून भोंगा काढला. शहरातून आणलेला, बॅटरीवर चालणारा, नवा कोरा. नदीपलीकडं ऐकू जातो म्हणाला. वाजवून दाखवतो म्हणाला.

दोमितिलानं भोंग्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं.

“नेस्तोरला ऐकू गेला असता?”

बासिलिओचा अंगठा बटणावर होता, तिथंच राहिला. मागं कोणीतरी नाक ओढलं. भोंगा कुठं ठेवावा ते त्याला समजेना. शेवटी त्यानं तो ताडपत्रीवर पालथा ठेवला.

“तीनदा हाक मारली होती, कोमाद्रे,” तो म्हणाला. “देवाशपथ.”

“ठाऊक आहे.” तिचा आवाज चढला नाही. “माझ्या पोटात होता तेव्हा मी त्याला हाका नाही मारल्या, कोम्पाद्रे. हात ठेवून बघायची.”

बासिलिओ भट्टीच्या तीन काळ्या तोंडांकडं बघत होता. आगवाटा बापानं बांधलेल्या, बापाच्या अंगाच्या मापानं. तो स्वतः मात्र हातात पैसा खेळायला लागल्यापासून सुटला होता, आणि विटांची धूळ खाऊन छातीही पहिल्यासारखी राहिली नव्हती.

“मी आत जाईन,” तो म्हणाला. “पेटवायच्या आधी, दर वेळी. शेवटच्या भिंतीपर्यंत हात लावून बघीन. दुसऱ्या कोणाला पाठवणार नाही.”

गाविनोला राहवलं नाही. मी जातो म्हणाला, आपलं अंग काटकुळं आहे.

“मालक, तुमचं पोट अडकेल तिथं.”

“अडकू दे.”

त्यानं खिशातून काड्याची पेटी काढली आणि दोमितिलाच्या हातात दिली.

“मी बाहेर येईपर्यंत तुझ्यापाशी राहू दे.”

तिनं मूठ मिटली.

बासिलिओनं बूट काढले आणि निलगिरीच्या भाऱ्याला टेकवून ठेवले. गुडघ्यांवर बसला, छातीवर क्रूसाची खूण केली, आणि दोन्ही हात पुढं करून पहिल्या आगवाटेत शिरला. हाक मारली नाही. आधी डोकं दिसेनासं झालं, मग पाठ. कमरेशी तो अडकला. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. मग घासटत घासटत पायही आत गेले, आणि विटांवरून फिरणाऱ्या तळव्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

बाहेर सगळे उभे होते. ढगाची सावली अंगणावरून सरकत गेली.

दोमितिला पुढं झाली. पेटी मुठीत तशीच होती. डहाळ्यांच्या भाऱ्यापाशी जाऊन तिनं त्याचे बूट उचलले आणि अंगणाच्या मधोमध, सगळ्यांना दिसतील असे, आणून ठेवले.