सगळ्यात वरचं शून्य

फळ्यावर शेवटचं नाव लिहायचं राहिलं होतं, आणि ते कुणाचं असणार हे बाळंतिणींच्या वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होतं. कोणती नर्स खाटा किती लवकर रिकाम्या करते, त्यावर दर महिन्याला नंबर लागायचे. या वेळी शेवटच्या नंबराची बदली थेट साबण-चादरींच्या स्टोअरमध्ये होणार होती.

“कासवताई, साबण देताना आमच्याकडे लक्ष असू दे हं!” दरवेळी पहिली येणारी नर्स म्हणाली. तिला सगळे एक्स्प्रेस म्हणत.

सगळ्या हसल्या. सगळ्यात सावकाश काम करणाऱ्या नर्सला त्या कासवताई म्हणत. तिच्या हातात कालच जन्मलेलं बाळ होतं, आणि त्याची आई रडकुंडीला आलेली.

“नुसती मान नको गं,” कासवताई तिला म्हणाली, “अख्खं बाळच वळव. पोटाला पोट. हां! बघ, कसा लबाड लागला दूध प्यायला.”

तेवढ्यात मेट्रनबाई ओलं फडकं घेऊन आल्या आणि त्यांनी अख्खा फळा पुसून टाकला.

“आजपासून खाटा मोजायच्या नाहीत. रिकाम्या होतायत म्हणून मीच खूश होते. पण तीच बाळं आठवड्याच्या आत परत येतायत. दूध ओढता येत नाही, सुकून जातात. यापुढे कुणाची किती बाळं परत आली, तेवढंच मोजायचं.”

मग त्यांनी गेल्या महिन्याचे आकडे नव्याने मांडले. एक्स्प्रेसच्या नावापुढचा आकडा बघून हसणं थांबलं. कासवताईला आपल्या नावापुढे शून्य दिसलं आणि तिने घाईने नजर खाली घातली.

“अगं, घाबरतेस काय?” मेट्रनबाई म्हणाल्या. “ नाव कुठे लिहिलंय ते बघ ना!”

नाव सगळ्यात वर होतं.

“तुझं एकही बाळ परत आलं नाही,” त्या म्हणाल्या. “साबण मोजायला दुसरं कुणीही मिळेल. तू इथून हलायचं नाहीस.”

कासवताई खाटेशी वाकलेलीच होती. ती सावकाश ताठ उभी राहिली. या वॉर्डात एवढी ताठ ती कधीच उभी राहिली नव्हती.

“सिस्टर, अजून एकदा दाखवा ना,” पलीकडच्या खाटेवरून एक नवी आई म्हणाली.

कासवताई तिकडे वळली, तर एक्स्प्रेस आधीच तिथे जाऊन उभी. हाताची घडी, नजर बाळावर.

“मलाही दाखव,” ती पुटपुटली. “पण जरा हळू.”