जिंकणारी गाडी

चार्जरची वायर पाठीवर तिसऱ्यांदा बसली, तरी दामिनी म्हणाली, "काळी गाडी नका घेऊ. जड आहे ते. ही पांढरी घ्या, छोटी."

मनोजच्या मोबाइलवर नऊ गाड्या ओळीने उभ्या होत्या. सगळ्या खेळातल्या. काळी त्याची लाडकी, दिसायला दणकट, आवाजाने कान फाडणारी. "हजार हॉर्सपॉवर सोडून हे डबडं चालवू? लोकं हासतीन मले!"

"ते हजार हॉर्सपॉवर सुटतानीच वाया जातेत. चाकं जागच्या जागीच फिरतेत. अन् शर्यत चारशे मीटरचीच आहे."

यावर एक थोबाडीत बसली, पण फोन त्याने तिच्याच हातात दिला. अकोल्यात 'मनोजभाऊ' म्हणून जी काय इज्जत होती, ती बायकोने जुळवलेल्या गाड्यांवर उभी होती. हे नवराबायकोला आणि शेजारच्या माणिकबाईला, एवढ्या तिघांनाच ठाऊक होतं. दामिनी लग्नाआधी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकली होती. खऱ्या गाड्यांना हात लावायची तिला बंदी होती आणि खोट्या गाड्यांची सक्ती.

आज अमरावतीला मोठी स्पर्धा होती. बत्तीस खेळाडू. हरला तो बाहेर, जिंकला तो पुढच्या फेरीत. सकाळी दहाला सुरुवात, फायनल संध्याकाळी सहाला. मनोज अंघोळीला गेला तशी माणिकबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी आली. वायरचा आवाज तिने भिंतीपलीकडून ऐकला होता.

"बिघडवून ठेव त्याची गाडी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "चार लोकांत नाक कटू दे हरामखोराचं."

दामिनीने ओठाचं रक्त ओढणीला पुसलं आणि कामाला लागली. फोनमधल्या पांढऱ्या गाडीच्या टायरमधली हवा उतरवली, पकड यावी म्हणून. पहिला गिअर लांब केला, सुटताना चाकं घसरू नयेत म्हणून. गाडी पळवून पाहिली, गिअर किंचित बदलला, पुन्हा पळवली. इतकी चांगली गाडी तिने आजवर जुळवली नव्हती. माणिकबाईने कपाळाला हात लावला आणि खिडकीतून निघून गेली.

"हरलो ना, त आल्यावर हातपाय तोडतो तुहे," मनोज म्हणाला आणि दोन्ही दारांना बाहेरून कुलूप घालून सातच्या एसटीला गेला. हे तो रागाच्या भरात म्हणत नसे. दिवाळीच्या आधी ती लेकीला घेऊन पळाली होती, तेव्हा त्याने तिला भर दुपारी अकोल्याच्या स्टँडवर गाठलं होतं. केसांना धरून लोकांदेखत फरपटत आणलं, आणि घरी मनगट उंबऱ्यावर दाबून वरवंट्याने ठेचलं. सहा वर्षांची खुशी ते बघत उभी होती. तेव्हापासून ती पोर आवाज काढून रडत नाही.

दामिनीने स्क्रूड्रायव्हर काढला. मागच्या दाराच्या बिजागऱ्या तिने दहा मिनिटांत खोलल्या. दोन जोडी कपडे, आयटीआयचं प्रमाणपत्र, खुशीचा जन्मदाखला. नांदेडला मावसबहीण प्रणालीने तिला स्कूटर दुरुस्तीच्या दुकानात काम बघून ठेवलं होतं. माहेरी तो सगळ्यात आधी पोचला असता. आज सापडली तर तो मनगटावर थांबणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

माणिकबाईने खुशीला शाळेतून परस्पर स्टेशनवर आणलं. नांदेडची गाडी बाराची होती. चार वाजले तरी ती आली नव्हती, आता सातला येईल म्हणत होते. एसटीने जायची सोय नव्हती, स्टँडवरचे ऑटोवाले सगळे मनोजचे दोस्त. तिघी बाकावर बसून राहिल्या.

तेवढ्यात फोन वाजला. मनोज होता.

"आता सेमीफायनल आहे. मागच्या फेरीत हरता हरता वाचलो. गाडी सुटतानीच घसरून राहिली! काय करून ठेवलं, भवाने?"

"तुमी गाडीच्या आकड्याले हात लावला का?"

"पहिला गिअर जरासा छोटा केला. जोर यावा म्हणून."

नेमकी तेव्हाच फलाटावर घोषणा सुरू झाली. दामिनीने तळहाताने फोन झाकला, पण थोडा उशीरच झाला.

"आवाज कायचा येऊन राहिला?"

"टीव्ही लावला खुशीनं. ऐका, गिअर होता तिथंच न्या. टायरची हवा अजून एक पॉइंट उतरवा. अन् हिरवा दिवा लागल्यावर घाई नका करू." आकडे तिने त्याच्याकडून दोनदा वदवून घेतले.

पाऊण तासाने पुन्हा फोन आला. मागे पोरांचा जल्लोष चालला होता. "फायनलले गेलो! पाह्यलं? मार खाल्ल्याबिगर तू काम करतच नाईस," तो खदाखदा हसला.

फोन ठेवला तशी माणिकबाई उसळली. "लाज कशी वाटत नाई वं तुले? त्यानं कातडं सोललं तुहं, अन् तू इथं बसूनही त्यालेच जिंकवून राहिली? हरू दे ना मेल्याले!"

दामिनीने मांडीवर झोपलेल्या खुशीचं डोकं सरळ केलं. अमरावतीहून घरी यायला अडीच तास लागतात, आणि स्टेशनवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते.

"दिवाळीच्या आधी त्याची अकोटले शर्यत होती, मावशी. पहिल्याच फेरीत हरला होता," ती म्हणाली. "हरला का तो लगेच घरी येते."