चोवीस तास लाइटचं स्थळ

"ज्या घरात चोवीस तास लाइट नाय, त्या घरात माझी पोरगी समृद्धी पाऊल टाकणार न्हाई!" चिमाजीनं जाहीर केलं. आवाज असा, की देशाचं ऊर्जा धोरण आत्ताच या खाटेवर ठरलं. एवढं बोलेपर्यंत त्याच्या बशीतला लाडू घरंगळून खाटेखाली गेला. तो काढायला पाहुणा पालथा झाला. ऊर्जा धोरण काही वेळ तिथंच अडकलं.

यजमान हौशीराम मात्र हसला नाही. त्याच्या पोराची, आदेशची, दोन स्थळं याच पायी मोडली होती. वीजव्यवस्था आधुनिक करायची म्हणून सरकारनं तारा वेगळ्या केल्या होत्या. गावठाणाला एक फीडर, शेतीला दुसरा. गावठाणात जवळपास दिवसरात्र लाइट, मळ्यात वेळापत्रकाप्रमाणे. मळ्याची लाइट कधी येणार ते वेळापत्रकात छापलेलं असे, आणि बहुधा त्यामुळंच ती तेव्हा येत नसे. सोयरीक जुळवताना लोक पूर्वी कूळ विचारत, मग जमीन विचारू लागले. आता एकच विचारत, "फीडर कुठला?"

आणि हौशीराम राहत होता मळ्यात.

म्हणून निमगाव सावाच्या गावठाणातलं हे घर त्यानं चुलतभाऊ सावळारामाकडून एका दुपारपुरतं मागून घेतलं होतं. सावळाराम बायकापोरांसकट मळ्यात जाऊन बसला होता. मोबदला म्हणून लग्नात त्याला पहिल्या मानाचा फेटा कबूल झाला होता. घरात पंखा फिरत होता, टीव्ही चालू होता, आणि पाहुण्यांच्या मनात शंका राहू नये म्हणून भर उन्हात ट्यूबा पेटवल्या होत्या.

"ह्यो फोटोतला कोण?" लाडू धोतराला पुसत चिमाजीनं विचारलं.

"चुलतभाऊ."

"आन् ह्यो लग्नातला?"

"त्योच."

"लई जीव दिसतोय राव भावावर. सोताचा एक बी फोटो न्हाई लावला."

हौशीरामची बायको साळुबाई घाईघाईनं चहा टाकायला उठली. स्वयंपाकघरातला दिवा तेवढा राहिला होता. तिनं बटण दाबलं तर देव्हाऱ्यातली रंगीत माळ लुकलुकायला लागली. पाहुण्यांनी हात जोडले. दुसरं दाबलं तर टीव्ही बंद पडला. तिसरं तिनं दाबलंच नाही. अंधारात चहा करायची तिला सवय होती.

"वैनी, घर तुमाला नवीनच दिसतंय," चिमाजीची बायको सारजाबाई म्हणाली.

"बटणं बदललीत, मावशी," आदेश पटकन बोलला. पोरगा हुशार आहे, हे सारजाबाईनं मनात टिपून ठेवलं.

चहा झाला. चिमाजीनं मान वर करून पंख्याकडं पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, "मग काय, जमलं म्हणा." हौशीरामनं नारळ पुढं केला. चिमाजीनं तो घ्यायला हात उचलला. तेवढ्यात रस्त्यावरून एम-एटी गाडीवर कुणीतरी ओरडत गेलं, "लाइट आली रं! लाइट आली!"

हौशीराम ताडकन उठला, नारळ हातात तसाच. आदेश त्याच्याही आधी उंबऱ्याबाहेर. साळुबाईनं चहाचं पातेलं खाली ठेवून पदर खोचला. जन्म मळ्यात गेलेल्या माणसाला ही आरोळी ऐकून बसून राहता येत नाही. आधी विहिरीवरची मोटार, मग बाकीचं जग.

दारात आल्यावर हौशीरामला भान आलं. मागं पंखा फिरत होता. ट्यूबा चालू होत्या. या घरातली लाइट गेलीच नव्हती. मग ती आली म्हणून धावत सुटणारी ही माणसं कोण? संपलं. तिसरं स्थळही गेलं. पाहुण्याचं तोंड बघायला त्यानं मान वळवली.

पाहुणा खाटेवर नव्हता.

चिमाजी त्याच्या शेजारी उंबऱ्यातच उभा होता. एक पाय हौशीरामच्या चपलेत, तोंड अंगणाकडं, आणि तो जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "सारजे, तू स्टार्टर दाब, मी उसाला पाणी धरतो!" सारजाबाईचा पदर खोचून झाला होता.

मग तोही थांबला. सावकाश वळून त्यानं पंख्याकडं पाहिलं. पंखा निर्लज्जासारखा फिरत होता.

"पावणं," हौशीराम हळूच म्हणाला, "परवा पारगावात आमाला पोरगी दाखवली, ते घर?"

"मेव्हण्याचं," चिमाजी चपलेतून पाय काढत म्हणाला. "आन् हे?"

"फोटोतल्याचं."

साळुबाई आतून दाराआड येऊन उभी राहिली. तिला बाकी काही नको होतं, फक्त 'नाही' हा शब्द ऐकायचा नव्हता.

"पोरगा कुठं गेला?" चिमाजीनं विचारलं.

"मोटार चालू करायला."

"हिकडं लग्न मोडायची येळ आली, आन् त्यो थांबला न्हाई?"

"लाइट थांबत न्हाई, पावणं."

चिमाजीनं यावर बराच विचार केला. सारजाबाईकडं पाहिलं. तिनं खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला आणि मान हलवली. चिमाजीनं हौशीरामच्या हातातला नारळ काढून घेतला, कपाळाला लावला, काखेत धरला. साळुबाई हुंदका देऊन हसली.

मग व्याह्यानं दुसरा हात कोपरीच्या खिशात घातला. एक मोबाइल काढला, बायकोच्या पिशवीतून आणखी एक काढला, दोन्हीच्या वायरी सोडवल्या.

"निघंस्तवर एवढे दोन चार्जिंगला लावा की, राव. आमच्याकडं कालपासनं नाय."