साहेबांच्या सहीचा कागद

सकाळी काँप्युटर सुरू करताना कोणते शब्द टाकायचे, ते एरंडोलच्या आमच्या पतपेढीत एका कागदावर टाइप करून भिंतीला चिकटवलेलं असायचं. खाली बोरसे साहेबांची ठसठशीत सही. मग काँप्युटरमध्ये नवी सिस्टीम बसली. आता कागदातला शेवटचा शब्द टाकला, की फक्त मुख्य मशीन चालायचं आणि काउंटरवरची सगळी बंद राहायची. मी तो शब्द खोडून शेजारी बरोबर शब्द लिहिला.

साहेबांनी अख्ख्या स्टाफसमोर तो कागद टराटरा फाडला आणि जुन्याचीच दुसरी प्रत चिकटवली.

"पुष्पाबाई, माझ्या सहीच्या कागदाला हात लावायचा नाही. लिहिलंय तसं टाकायचं. डोकं चालवायला मी आहे."

"बरं साहेब," मी म्हटलं.

बाजाराच्या दिवशी मी कागदातलं सगळं जसंच्या तसं टाकलं. काउंटरवरचे पडदे काळेच राहिले. कापूसवाल्यांची रांग पार रस्त्यावर गेली. पुढे उभे असलेले तोताराम आबा खेकसले, तशी मी उठून साहेबांच्या केबिनचं दार सताड उघडलं आणि अख्ख्या रांगेला आत यायला हात केला.



"आबा, आज एकच मशीन चालू शे, ते बी सायबना केबिनमा. चला, बठ्ठा जण मधमा चला!"