वाढवलेल्या बांगड्या

सारजाचा डावा हात सुजून टम्म झाला होता आणि हिरव्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरल्यापासून सेवाभावी संस्थेची नर्स शिरूर कासारहून वस्तीवर औषधं घेऊन यायची. आज ती म्हणाली, “सूज ओसरायला पट्टी बांधते, पण आधी बांगड्या फोडाव्या लागतील.” सासू कडाडली, “फोडायला माझा म्हाळू मेलाय का? मेंढरांमागं गेलाय त्यो! सवाशिणीच्या बांगड्या वाढवतेत. अन् त्यो येईस्तोर त्याबी वाढवायच्या न्हाईत!” नर्सनं जीभ चावली. सारजा मात्र उठली. तिनं सासूच्या चंचीतला अडकित्ता काढला आणि दात आवळून एकेक बांगडी तोडली. “वाढवल्या, आत्याबाई. त्यास्नी मीच सांगन.” मग मोकळा हात तिनं नर्सपुढं धरला. “डाक्टर म्हणले, आजार लई वाढलाय. बांधा, ताई, घट्ट. आता बघूच, त्याच्यात अन् माझ्यात कोण कुणाला वाढवतंय.”