शेवटचा नग

“शेवटचाच नग आहे, ताई. हा रंग पुन्हा येईल की नाही, मलाही सांगता येणार नाही.”

मुलगी हे बोलली तेव्हा तिची पाठ दाराकडे होती. समोरची बाई जाड, मऊ ब्लँकेटवरून हात फिरवत घेऊ की नको या विचारात उभी होती. तिची नणंद बाळंत होऊन आजच घरी येणार होती, आणि खोलीत गारठा. पांघरुणांच्या त्या दुकानात मालकाचा एक नियम होता. कुठल्याही रंगाचं एकच ब्लँकेट फळीवर ठेवायचं, बाकीची माळ्यावर. “ढीग दिसला की गिऱ्हाईक विचार करतं, संपत आलेलं दिसलं की घेतं,” असं तो म्हणायचा. मुलीला आता ते वाक्य बोलताना काही वाटेनासं झालं होतं.

“एकच राहिलंय? मग बरं झालं, वेळेवर आले!”

मुलगी वळली. दारात तिची आई. हातात मोठी पिशवी, चालून चालून दम लागलेला.

“घराखालच्या दुकानातही मिळतात गं. पण म्हटलं, पोटची पोर दुकानात असताना दुसऱ्याचं तोंड कशाला बघायचं?” आईने ब्लँकेट उचलून गालाला लावून पाहिलं. “हेच हवं. बाकीची तुझ्या बाबांना टोचतात. रात्रभर पाय पोटाशी घेऊन पडतात बिचारे.”

बाई संकोचली. “अहो, ते मी बघत होते. म्हणजे, घेणारच होते. घरी आज बाळंतीण यायचीय.”

आईचा हात थांबला. “अगं, आत असेल की एखादं. बघ ना जरा.”

गल्ल्यावर बसलेल्या मालकाने मान वर केली. बाई मुलीकडे बघत होती. आईही बघत होती. शिडी लावायची, एवढंच करायचं होतं. पण आत्ताच जिला शेवटचं म्हणून सांगितलं, तिच्या देखत?

“नाही आई. एवढंच.”

आईने क्षणभरही वेळ घेतला नाही. ब्लँकेट तिने बाईच्या हातात दिलं. “घ्या हो तुम्ही. तान्ह्या जिवापुढे आमचं काय! आम्ही दोन जुनी एकावर एक घालू. तशीही आमची अर्धी रात्र भांडणात जाते, त्यातही ऊब असतेच.”

बाई हसली, पण तिचे डोळे भरून आले. पैसे देताना ती मालकाला म्हणाली, “अशी माणसं कुठे भेटतात हो! आता काही घ्यायचं तर याच दुकानात.”

ती कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत मालक थांबला. मग मोकळेपणाने हसला. “बसा मावशी. घरच्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायला मी काय कसाई आहे? काढ गं एक वरून. आणि कव्हर काढून दे, हाताला लागू दे त्यांच्या.”

मुलगी शिडी चढली. तिने माळ्याचा पडदा सरकवला आणि खालून आईला सगळं दिसलं. छताला टेकलेली थप्पी. सगळा तोच रंग.

खाली येऊन मुलीने ब्लँकेट आईपुढे उलगडलं. आईने हात मांडीवरून हलवले नाहीत.

“आई, मालक समोर होते ना, म्हणून…”

“हो,” आई हळूच म्हणाली. “समोर मीही होते.”

तेवढ्यात ती बाई परत आली. “पिशवीचा बंद तुटला हो, दुसरी देता का?” बोलता बोलता तिची नजर ब्लँकेटवर गेली. “अगंबाई! हे… अजून एक?”

मालक गल्ल्यात काहीतरी शोधू लागला. मुलीचे कान तापले.

“हे माझं आहे,” आई म्हणाली. “मागच्या वर्षी घेतलेलं. जोडीला तसंच दुसरं हवं होतं, म्हणून दाखवायला आणलं होतं.” ती अडखळत बोलत होती आणि नजर फरशीवरून उचलत नव्हती.

बाईने ब्लँकेटचा काठ चिमटीत धरून पाहिला. “वर्षभर वापरलेलं? नवंच वाटतंय की! थांबा, माझ्या जावेलाही पाठवते.” नवी पिशवी घेऊन ती खुशीत निघून गेली.

मालकाने गल्ल्यावर थाप मारली. “वा मावशी! लेकीच्या वरताण निघालात. उद्यापासून तुम्हीच या कामाला!”

तो एकटाच हसला.

मुलीने ब्लँकेटची घाईघाईने घडी घातली आणि ते आईच्या पिशवीत सारू लागली. “घे ना आई. बाबांना ऊब मिळेल. माझ्याकडून.”

आईने पिशवी अलगद आपल्याकडे ओढून घेतली. मुलीच्या गालाला तिने हात लावला. हात गार होता.

“राहू दे बाळा. घरी विचारून सांगते.”

हे वाक्य मुलगी दिवसातून कितीदा तरी ऐकायची. असं म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आई पायरी उतरून चपला शोधू लागली. मुलगी दारापर्यंत आली. तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं,

“पुन्हा या.”