थरथरती खुर्ची

"आधी या माणसाला बाहेर काढा!"

खुर्चीचे हात घट्ट धरून ती ओरडली. तो माणूस म्हणजे तिचा नवरा. ते निमूटपणे दाराकडे निघाले. थेरपिस्ट बाईंनी खुणेनंच त्यांना थांबवलं आणि खुर्चीच्या मागं, तिला दिसणार नाहीत असं उभं केलं. स्वतःच्या बायकोपासून लपायचं, हेही या वयात शिकायचं राहिलं होतं.

ते मेकॅनिक. उभं आयुष्य लोकांच्या गाड्यांमधली थरथर काढण्यात गेलं. आता तीच थरथर बायकोच्या पाठीत घालायला ते इथं आले होते. खुर्चीच्या आत स्पीकर बसवलेले. त्यातून इतका खर्जातला आवाज निघायचा, की तो कानांपेक्षा हाडांनाच जास्त ऐकू यावा. "विस्मरण बरं होणार नाही," बाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. "पण भीती कधीकधी उतरते. सगळ्यांचीच उतरते असं नाही." बुडत्याला काडीचा आधार. मेकॅनिकनी काडी धरली.

कारण तिला भीती वाटत होती ती त्यांचीच. मुलगी चालायची, शेजारीण चालायची. हे जवळ आले की ती किंचाळायची. यांच्या हातचं खायची नाही. परवा तर "चोर, चोर" करत जिना उतरून पळाली, आणि शेजाऱ्यांनी तिला समजावून वर आणेपर्यंत यांना स्वतःच्याच घराबाहेर उभं राहावं लागलं. असली फजिती सांगायची तरी कुणाला?

काल मुलगी आली. म्हणाली, "बाबा, तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा. कुणा परक्या पुरुषाबरोबर आपल्याला घरात कोंडलंय, असं वाटतं तिला. रोज. उद्याचा हा उपाय करून बघू. नाहीच जमलं तर मी तिला अशा रुग्णांच्या केंद्रात ठेवते. तिथं सगळ्या बायकाच असतात."

"आणि मी?"

"तुम्ही भेटायला जात जा."

"म्हणजे तिथं जाऊनही घाबरवायचंच तिला."

मुलगी रडली. तिचं काही चुकत नव्हतं, हेच तर वाईट होतं.

बाईंनी बटण फिरवलं. खुर्ची घुमू लागली. ती अजून शिव्या देत होती, जन्मात कधी तोंडातून न निघालेल्या. मेकॅनिकनी खुर्चीच्या पाठीला तळहात टेकवला. पलीकडे तिची पाठ होती. कित्येक महिन्यांत तिनं त्यांना इतकं जवळ येऊ दिलं नव्हतं. उतर गं बाई, उतर, असं ते मनातल्या मनात त्या भीतीलाच विनवत होते.

हळूहळू शिव्या थांबल्या. मुठी सैल झाल्या. खांदे खाली आले. सोबत येऊन कोपऱ्यात बसलेली मुलगी पुढं वाकून बघू लागली. बाईंनी आवाज कमी कमी करत खुर्ची थांबवली.

तिनं मान वळवून मागं बघितलं. नवऱ्याकडे बघितलं आणि ओरडली नाही.

"अहो," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून तिनं त्यांना दुसरी हाक मारलीच नव्हती. गर्दीत अहो, दवाखान्यात अहो, भांडतानाही अहोच. ते धडपडत पुढं आले, तिच्यासमोर खाली बसले.

"बोल ना," ते म्हणाले. "बोल गं. मीच आहे."

तिनं अंग चोरलं. "अहो, ओळख ना पाळख, असं एकेरीत काय बोलता?"

वाटेत परक्याला पत्ता विचारतानाही माणूस अहोच म्हणतो, हे मेकॅनिकच्या लक्षातच आलं नव्हतं. तिकडे मुलीनं मान खाली घातली.

ती मात्र त्यांना निरखत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "माणूस तसे बरे दिसता. आमचे हे गॅरेजमधून अजून आले नाहीत. मला एकटीला फार भीती वाटते हो. ते येईपर्यंत बसाल माझ्याजवळ?"

"बसतो ना," मेकॅनिक म्हणाले. "तुम्ही घाबरू नका."